चाकांवरचं इंदूर : एका वहीतल्या नोंदी

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार

वही आज सुरू केली. कारण एक निळी गाडी.

दसऱ्यानंतरच्या मंगळवारी ऑफिसातून परतताना पलासियाच्या मागच्या गल्लीत ती उभी होती. छोटा हत्ती, मागच्या हौद्यावर पत्र्याची पेटी बांधलेली, पेटीची एक बाजू छपरासारखी वर उचललेली. पाटीवर तीनच पदार्थ. मी भुट्ट्याचा कीस घेतला. दाणे जाडसर किसलेले, दूध पूर्ण आटलेलं, तुपात हिंग-मोहरी-मिरची, वर ओलं खोबरं आणि लिंबू. रामबागेतल्या घरी माझी आजी श्रावणात करायची तसा, उलथण्याला चिकटून येणारा, कडेने पाणी न सुटलेला. सराफ्यातला, म्हणजे सराफा बाजारात रात्री मिळणारा कीस मी लहानपणापासून खात आलेय आणि तो मला आवडतो, पण हा घरचा होता. पुढच्या आठवड्यात सासूबाईंसाठी डबा घेऊन गेले तर गाडी नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. समोरच्या पानवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "कभी आती है, कभी नहीं आती."

आवडलेलं दुकान बंद पडलं तरी निदान शटर दिसतं. गाडी गेली की तिथे काही होतं याची खूणही राहत नाही. हे मला फार लागलं.

म्हणून ठरवलं, इंदुरात चाकांवर जे खाणं फिरतं त्याचा नकाशा काढायचा. आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्टिंग करते, नकाशे काढण्यातच माझा दिवस जातो. नणंदेची मुलगी नाशिकहून नोकरीच्या ट्रेनिंगला आली आहे, आमच्याकडेच लोकमान्य नगरात राहते. तीही उत्साहाने तयार झाली. मुदत दीड महिना. खर्च दोघींत मिळून आठवड्याला पाचशे रुपये, त्यावर एक पैसा नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

संध्याकाळी तुळशीचं लग्न. त्याआधी तासभर बसून आधी काय मोजायचं ते पक्कं केलं. ज्याला स्वतःचं इंजिन आहे, ज्याच्यावरच स्वयंपाक होतो आणि जे रात्री घरी परत जातं ते आपलं. रोज एकाच कोपऱ्यावर उभी राहणारी हातगाडी नाही. छप्पन दुकान नाही. नव्या पलासियातल्या त्या छप्पन गाळ्यांचा पत्ता कोणताही रिक्षावाला डोळे मिटून सांगेल. २०१९ साली त्याला एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, स्वच्छ खाऊगल्लीचं प्रमाणपत्रही मिळालं. तिथे शोधण्यासारखं काही उरलेलं नाही, जाऊन खायचं फक्त.

सराफाही नाही असं म्हणाले, तेव्हा भाची अडली. दिवसा सोन्याचांदीची दुकानं, ती बंद झाली की त्यांच्याच ओट्यांसमोर मध्यरात्र उलटेपर्यंत खाणं. "मामी, म्हणजे सराफा पण जागेवर नाही, वेळेवर चालतो ना? दुपारी दोनला तिथे जाऊन कोणाला दहीवडा मिळणार?"

बरोबर आहे तिचं. तरी सराफा बाहेरच ठेवला, पण तिचं वाक्य वहीच्या कडेला लिहून ठेवलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

भंवरकुआ. इथे विद्यापीठ जवळ, कोचिंग क्लास तर एकाला एक लागून, आणि बाहेरगावची हजारो मुलं खोल्या घेऊन राहतात. साडेसहाला पोचलो. मुख्य रस्ता आणि आतल्या दोन गल्ल्या मिळून सात गाड्या मोजल्या. मोमो, मॅगी, चायनीज दोन, डोसा, पावभाजी आणि एक नुसती सँडविचची.

पोचल्या पोचल्या मोमो घेतले, ते चिवट निघाले. वाफेवर बराच वेळ बसून पारी कोरडी पडलेली. नापसंतीची नोंद करणार, तेवढ्यात एक गोष्ट दिसली. सहा पन्नासला त्या मुलाने आहेत ते मोमो बाजूला काढले, खालचं पाणी बदललं, गॅस मोठा केला आणि तीन चाळण्या नव्याने चढवल्या. एकही गिऱ्हाईक समोर नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "सात पाँच पे बैच छूटेगी. अभी नहीं चढ़ाया तो तब क्या दूँगा?"

सात वाजून सहा मिनिटांनी जिन्यावरून मुलांचा लोंढा उतरला. दहा मिनिटं गाडी दिसत नव्हती, नुसत्या पाठी दिसत होत्या. साडेसातला परत शांत. आम्ही त्या गर्दीत घुसून दुसरी प्लेट घेतली. पारी पातळ, आतला कोबी अजून करकरीत, वाफेने बोटं भाजली. तोच मुलगा, तोच मसाला, तेच पीठ.

घरी येताना दोघी फार बोललो नाही. पहिल्या प्लेटवर मी त्याला नापास करणार होते.

८ नोव्हेंबर, शनिवार

नकाशा चुकला.

आठवडाभरात ट्रेसिंग पेपरवर चौदा लाल ठिपके टाकले होते. विजयनगर, पलासिया, भंवरकुआ, गीता भवन, रिंग रोडचा काही भाग. आज स्कूटरवर फेरी मारून सगळे तपासले. चौदांपैकी पाच गाड्या जागेवर सापडल्या. दोन ठिकाणी दुसऱ्याच गाड्या उभ्या. बाकी रिकामा रस्ता.

संकष्टी होती, चंद्रोदयापर्यंत काही खायचं नव्हतं, त्यामुळे रिकामे रस्ते जरा जास्तच रिकामे वाटले. भाची मागे बसून शांतपणे म्हणाली, "गाडी काही पिनला बांधलेली नाही, मामी."

९ नोव्हेंबर, रविवार

कागद बदलला. नकाशा गुंडाळून ठेवला आणि एसटीच्या वेळापत्रकासारखा तक्ता आखला. आडवे वार, उभे तास. चौकटीत जागा आणि पदार्थ. एकाच गाडीला चार-पाच चौकटी मिळू लागल्या. पावभाजीवाली जी गाडी 'हरवली' होती ती शनिवारी क्लास बंद म्हणून बागेजवळ जाते, एवढंच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज बाहेर पडले नाही, वाचलं.

चाकांवरच्या खाण्याचा आजचा अवतार जगभर गाजला तो अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमधून. २००८ च्या नोव्हेंबरात तिथे रॉय चॉय आणि त्याच्या साथीदारांनी 'कोगी' नावाची गाडी काढली. कोरियन पद्धतीचं भाजलेलं मांस मेक्सिकन टॅकोत घालून द्यायचे. पण माझ्या कामाची गोष्ट वेगळी आहे. गाडी आज कुठे, किती वाजता उभी राहणार हे ते ट्विटरवर कळवत आणि लोक मध्यरात्री तिथे जाऊन रांग लावत. म्हणजे त्यांनी पत्ता छापलाच नाही, रोज नव्याने सांगितला.

त्याच्याही मागे गेलं तर १८६६ मध्ये टेक्सासमध्ये चार्ल्स गुडनाइट नावाच्या पशुपालकाने जुन्या लष्करी गाडीला मागे कप्पे आणि फळी बसवून स्वयंपाकघर केलं होतं. गुरांचे तांडे महिनोन्‌महिने चालत, राखणदारांबरोबर चूलही चालत असे.

हे वाचताना आपलीच आठवण झाली. मराठ्यांच्या फौजेबरोबर अख्खा बाजार चालायचा. वाणी, हलवाई, भडभुंजे, तंबू हलले की दुकानं हलायची. त्यांना आपण 'बाजारबुणगे' म्हणून टाकलं, पानिपताच्या अपयशाचा अर्धा भार त्यांच्या डोक्यावर ठेवला. पण लढणाऱ्यांच्या पोटाची सोय तोच बाजार करत होता. होळकरांचं हे शहर. इथे फिरत्या चुलीला कमी लेखायचं कारणच नाही असं मला मनापासून वाटतं.

व्यवहाराचं: भाचीने इंस्टाग्रामवर इंदूरच्या गाड्या शोधल्या. बऱ्याच जणांची नावं सापडली, पण पानावर लिहिलेली जागा बहुतेकांची जुनी. खरी बातमी स्टोरीत असते, आणि ती दुपारी चारनंतर येते. काही जण फक्त व्हॉट्सॲप स्टेटस टाकतात. त्यासाठी आधी एकदा भेटून नंबर घ्यावा लागतो. आता प्रत्येक गाडीपाशी आम्ही बिल देताना एकच प्रश्न विचारतो, "कल कहाँ?" कोणीही नाराज होत नाही. उलट चेहरा उजळतो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

एकादशी. साबुदाणा खिचडीची व्हॅन, अन्नपूर्णा मंदिराच्या बाजूला, सकाळी साडेआठ.

आमच्या घरची खिचडी तुपात परतलेली, दाण्याच्या कुटात माखलेली. इंदूरची रस्त्यावरची खिचडी वाफेवर ठेवलेली असते, पांढरी, मोकळी, जवळजवळ कोरी. मागितली की द्रोणात घेऊन तिच्यावर मसाला, मिरची, कोथिंबीर, लिंबू आणि उपासाचा बटाट्याचा चिवडा असं सगळं वरून पडतं, आणि चमच्याने खालीवर करून हातात येते. नाशिकची भाची आधी बिचकली, मग दुसरा द्रोण मागितला. मला विचाराल तर दोन्हींना खिचडी म्हणावं आणि तुलना करू नये. एकीत तूप बोलतं, दुसरीत कुरकुरीतपणा.

तीच गोष्ट पोह्यांची. घरचे कांदेपोहे कढईतून थेट ताटलीत. इथले पोहे उकळत्या पाण्याच्या भगोन्यावर ठेवलेल्या परातीत सकाळभर मऊ राहतात, त्यात बडीशेप, किंचित साखर, आणि कच्चा कांदा, शेव, जीरावन नावाचा इथला कोरडा मसाला हे सगळं वरून. सोबत जिलेबी. वाफेची ही युक्ती गाडीवाल्यासाठी किती मोलाची आहे ते आज लक्षात आलं. गरम अन्न साठ अंशांच्या खाली उतरलं की त्यात जंतू वाढायला लागतात. वाफेवरचं भांडं त्याला उतरूच देत नाही. एकच चूल, आणि तीन तास गरम नाश्ता. साडेनऊनंतर मात्र जाऊ नये, तळाचा गोळा हाती येतो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पोट बिघडलं. सोमवारी रात्री एका गाडीवर तळलेलं खाल्लं होतं. दोष माझाही आहे, कारण खुणा समोर होत्या आणि भुकेपायी मी बघितल्या नाहीत. तेल काळपट, पदार्थ टाकल्यावर बुडबुड्यांऐवजी फेस आणि तो कडेला चिकटून राहिलेला, धूर डोळ्याला झोंबणारा. पाटीवर साठेक पदार्थ.

तळणाचं तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात ज्याला पोलर कंपाउंड म्हणतात ती घाण साठत जाते. २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरायचं नाही असा एफएसएसएआयचा नियम २०१८ च्या जुलैपासून आहे. रस्त्यावर उभं राहून आपल्याला टक्के मोजता येत नाहीत, पण फेस, रंग आणि वास तर कळतो. तक्त्यात नवा रकाना: 'तेल'. त्या गाडीचं नाव कुठे लिहिणार नाही, पण तिच्या चौकटीवर काट मारली.

दोन दिवस मऊ भात आणि ताक. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांना उभ्याने खाणंच मुळात पसंत नाही. मला वाटलं होतं, आज म्हणतील. त्यांनी फक्त ताकात सुंठ जरा जास्त घातली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आजचा दिवस या सगळ्या कामातला सर्वांत भरलेला.

विजयनगर भागात एक जोडपं पावभाजीची गाडी चालवतं. तीन आठवड्यांत चारदा गेले, ओळख झाली. आज दुपारी तयारीच्या वेळी त्यांनी आत येऊ दिलं. मोजपट्टी नेलीच होती.

गाडी टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती. हे मॉडेल २००५ मध्ये आलं आणि हिंदुस्थानच्या अर्ध्या फिरत्या स्वयंपाकघरांचा पाया झालं असं म्हणायला हरकत नाही. हौद्याची आतली लांबी साधारण सात फूट, रुंदी पाच फुटांना थोडी कमी. दोन्ही अंगांना दीड-दीड फुटाचे स्टीलचे ओटे. उरली मधली पावणेदोन-दोन फुटांची पट्टी, त्यात दोन माणसं सहा तास उभी. आमच्या ऑफिसात स्वयंपाकघर काढताना दोन ओट्यांमध्ये निदान चार फूट ठेवतो. इथे दोघांना एकमेकांच्या मागून जाताच येत नाही, म्हणून ते जातच नाहीत. तो तव्यापाशी, ती खिडकीपाशी. पाव तिच्या डाव्या हाताला, लोणी दोघांच्या मधोमध, चिरलेला कांदा तिच्या पुढ्यात उतरत्या खणात. पैसे फक्त ती घेते, तव्याला फक्त तो हात लावतो. कोणी नियम म्हणून हे सांगितलेलं नाही. जागेने शिकवलं.

जमिनीला चेकर प्लेट, पाय घसरू नये म्हणून. छपरात एक्झॉस्ट पंखा. गॅसची १९ किलोची निळी टाकी आत नाही, मागे जाळीच्या कप्प्यात, नळी पत्र्यातून आत आणलेली आणि दर वर्षी बदललेली. स्वच्छ पाण्याची टाकी वर, सांडपाण्याची खाली. सांडपाणी घरी जाऊन गटारात सोडतात. इंदुरात रस्त्यावर पाणी सोडलं तर दंड होतोच, पण ताई म्हणाल्या, "दंड का छोड़ो, जहाँ खड़े हैं वहीं गंदा करेंगे तो खाएगा कौन?" २०१७ पासून हे शहर स्वच्छतेत पहिलं येतंय. ते येतं कसं याचा एक तुकडा मी आज त्या खालच्या टाकीत बघितला. ओल्या-सुक्या कचऱ्याचे दोन डबे बाहेरच्या कड्यांना टांगलेले, झाकणासकट.

गाडीत असा बदल करायचा तर आरटीओची मंजुरी घेऊन आरसीवर नोंद करावी लागते, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे. ती नोंद त्यांनी आपणहून दाखवली, प्लास्टिकच्या पाकिटात जपलेली.

घरी येऊन आराखडा काढला, वरून एक आणि बाजूने एक. काढता काढता एक गोष्ट लख्ख झाली. सात फुटांत एक तवा, दोन शेगड्या आणि एक लहान फ्रीज मावतो. एवढ्या जागेत चार-पाच पदार्थांपलीकडे ताजं काही होऊच शकत नाही. साठ पदार्थांची पाटी म्हणजे डब्यातल्या पेस्टा, आधीच तळून ठेवलेलं आणि गोठवलेलं. पुढच्या वेळी मी पाटी वाचणार नाही, पाटीवरच्या ओळी मोजेन.

निघताना निळ्या गाडीचं विचारलं. दादांनी लगेच ओळखलं. "कीस वाला? वो तो बोवनी में गया होगा. सांवेर तरफ का है, खुद की खेती है. गेहूँ-चना डालके आएगा."

पेरणी! महिनाभर मी मंगळवार की शुक्रवार, सहा की सात, यात अडकले होते. तो माणूस शेतकरी आहे. कीस त्याच्या स्वतःच्या भुट्ट्यांचा होता, शेवटच्या तोडीचा. तक्त्यात वार होते, तास होते. महिने नव्हतेच.

२६ नोव्हेंबर, बुधवार

चंपाषष्ठी. मार्तंडाचा दिवस. घरी वांग्याचं भरीत, कांदा, बाजरीची भाकरी. बाहेर जायचा प्रश्नच नव्हता. भरीत खाताना सासूबाईंना निळ्या गाडीची गोष्ट सांगितली. त्यांनी दोन प्रश्न विचारले: कीस तुपात करतो की तेलात, आणि बसायला काही असतं का.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सुपर कॉरिडॉर. मोठ्या आयटी कंपन्यांच्या आवारांबाहेर. भाचीची ट्रेनिंगची जागा त्याच बाजूला, तिनेच नेलं. ३१ मे ला सुरू झालेली मेट्रो याच पट्ट्यातून धावते. रस्ता एवढा रुंद आणि मोकळा की गाड्या दुरूनच दिव्यांवरून ओळखू येतात. शोधायला सोपं, खायला मला फारसं नाही रुचलं. पदार्थ सगळीकडे सारखेच आणि वारा इतका की प्लेट हातात थंड होते. एक शिकले: गाडीच्या ज्या बाजूला वारा अडतो तिथे उभं राहावं आणि एका वेळी एकच प्लेट मागवावी. चौघांत चार पदार्थ एकदम घेतले की तीन गार खावे लागतात.

४ डिसेंबर, गुरुवार

दत्तजयंती. संध्याकाळी देवळातून येताना पावभाजीच्या गाडीपाशी थांबले, खायला नाही, कागद बघायला.

प्रत्येक गाडीवर एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर दिसेल असा लावलेला असावा. त्यांच्या खिडकीच्या वर होता. तक्त्यातल्या एकवीस गाड्यांपैकी तेरांवर आम्हाला तो दिसला.

उभं राहण्याच्या हक्काचं प्रकरण अवघड आहे. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे. त्यात एका जागी बसणारेच नाही, फिरते विक्रेतेही धरले आहेत. शहरात विक्री समिती असावी, तिच्यात निदान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश बाया, असं त्यात लिहिलंय. ताईंना हे माहीत होतं. त्या म्हणाल्या की कागदावरचं खरं, पण संध्याकाळी सहाला कोणी येऊन "हटाओ" म्हणालं तर तव्यावर भाजी असताना कायदा वाचून दाखवता येत नाही. गेल्या वर्षी असंच अर्ध्या तासात तीनदा हलावं लागलं, दहा किलो भाजी फुकट गेली.

गाडी 'कधी येते, कधी येत नाही' यामागे हेही असतं. गिऱ्हाईक म्हणून आपण एवढं करू शकतो: वाटेवर स्कूटर आडवी लावू नये, घोळक्याने रस्ता अडवू नये, कचरा डब्यातच टाकावा. बहुतेक वेळा तक्रार गाडीची नसते, गाडीभोवतीच्या गर्दीची, म्हणजे आपलीच असते.

९ डिसेंबर, मंगळवार

सापडली!

पलासियाची तीच गल्ली, पावणेसात. लांबूनच निळा पत्रा दिसला आणि मी स्कूटर जवळजवळ पळवलीच. पाटीवरचा वरचा शब्द बदललेला. 'कीस' पुसून 'गराडू'.

मी सांगितलं, दोन महिने शोधतेय. त्याला आधी खरं वाटलं नाही. मग वहीचा तक्ता दाखवला. त्याने गॅस बारीक केला, हात पुसले आणि तक्ता नीट वाचला. बोट फिरवत भंवरकुआच्या दोन चौकटी दुरुस्तही केल्या, "ये वाला अब बुध को नहीं आता."

पेरणी आटोपून शुक्रवारी परत आला. चार बिघे गहू, दोन बिघे हरभरा. मका निघाल्यावर त्याच शेतात. कीस आता राखीच्या पुढे, नवे भुट्टे आले की. गोठवलेल्या दाण्यांचा का करत नाही विचारलं तर नुसती मान हलवली.

गराडू घेतला. जांभळट-पांढऱ्या कंदाचे चौकोनी तुकडे आधी उकडून एकदा तळलेले, मागणी आली की पुन्हा कडक तेलात. बाहेर खडखडीत, आत उकडलेल्या रताळ्यापेक्षा चिकट आणि कमी गोड. वर जीरावन आणि अर्धं लिंबू. तेल बघितलं, स्वच्छ, तळ दिसत होता. थंडीत हातात तो द्रोण धरून उभं राहायला काय बरं वाटलं ते लिहून सांगता येणार नाही. भाचीसाठी डबा भरून घेतला, पण घरी पोचेपर्यंत वाफेने मऊ पडला. गराडू डब्यात नेऊ नये.

१३ डिसेंबर, शनिवार

सासूबाई आल्या. सकाळी स्वतःच म्हणाल्या, "तो डब्यात येत नाही म्हणतेस, तर मीच येते."

शाल, पायमोजे, आणि पर्समध्ये घरचा रुमाल. निळ्या गाडीच्या दादाला आधी सांगून ठेवलं होतं. त्याने केबिनमधून घडीचं स्टूल काढून भिंतीच्या आडोशाला, वारा लागणार नाही असं मांडलं. त्या बसल्या. द्रोण मांडीवर, पहिला तुकडा फुंकून, दुसरा तसाच. मग त्याला विचारलं, "छीलते वक्त हाथ को तेल लगाते हो ना? नहीं तो खुजली होती है."

"माँजी, तेल भी और थैली भी," तो म्हणाला, आणि बायकोचे हात आठवडाभर कसे खाजले होते ते सांगायला लागला. त्यावर चिंचेचं पाणी, मीठ, कोणत्या हंगामाचा कंद जास्त खाजतो, अशी दोघांची वीस मिनिटं बोलणी. रांगेतले लोक ऐकत उभे. एका बाईंनी मधेच स्वतःच्या आईचा उपाय सांगितला. सासूबाईंनी दुसरा द्रोण मागितला तो माझ्याकडे न बघता.

मग विचारलं, "कीस कब?"

घरी आल्यावर तक्त्याच्या उजव्या अंगाला कागद चिकटवून रुंदी वाढवली, बारा महिन्यांच्या बारा उभ्या रेघा मारल्या. पहिली ओळ सासूबाईंनी सांगितली, मी लिहिली:

निळी गाडी. पलासिया, मागची गल्ली. मंगळ, शनि. संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ. गराडू, थंडी असेपर्यंत. होळीनंतर कापणी, गाडी बंद. कीस राखीनंतर. तुपात करतो. स्टूल मागितलं तर देतो.